देवळाचे रूप बदलण्यापूर्वी

(राजेंद्रनगर, इंदूर येथे महाजन कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागणारे पत्र गोव्याहून इंदूरला येते, तेव्हा त्यात बहुधा तीन गोष्टी असतात. श्रींच्या कृपेचा उल्लेख असतो, अंदाजे खर्चाचा आकडा असतो आणि देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातील असे आश्वासन असते. देवळाचे नेमके काय काढले जाणार व त्या जागी काय येणार हे दाखविणारा नकाशा मात्र त्या पाकिटात क्वचितच सापडतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा न सापडणारा कागद आहे.

जुन्या वास्तूत मालकाने योजिलेला फेरबदल दुसऱ्या कोणीतरी तपासावा, ही कल्पना अनेकांना आजही खटकते. घर ज्याचे त्याचे, देऊळ महाजनांचे. मग तिऱ्हाइताने खिडकीचा आकार का ठरवावा? हाच प्रश्न अमेरिकेतील चार्ल्सटन या बंदराच्या शहरात विचारला गेला होता. तेथील नगरपालिकेने 1931 मध्ये शहराच्या जुन्या भागासाठी एक नियम केला आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्यरूपात बदल करण्यापूर्वी एका मंडळाकडून योग्यतेचा दाखला घ्यावा असे ठरविले. नियमामागील विचार साधा होता. घराची मालकी एकाची असली तरी रस्त्याचे रूप सर्वांचे असते, आणि एका घराने ते बिघडविले तर नुकसान शेजारच्या पन्नास घरांचे होते. भारतात हा विचार ठोस स्वरूपात मुंबईत आला. 1995 च्या नियमावलीनुसार तेथे वारसा वास्तूंची यादी प्रसिद्ध झाली, वास्तूंच्या तीन श्रेणी पाडण्यात आल्या आणि महापालिका आयुक्तांना सल्ला देण्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. पहिल्या श्रेणीतील वास्तूच्या मूळ स्वरूपाला जवळजवळ हात लावता येत नाही. दुसरीत आतील बदलांना काही वाव राहतो. तिसरीत तो अधिक असतो. म्हणजे प्रत्येक जुनी भिंत सारखीच पवित्र आहे असा हट्ट या पद्धतीत नाही. कोणत्या वास्तूचे कोणते अंग महत्त्वाचे हे आधी ठरते आणि मग प्रस्ताव त्यावर घासून पाहिला जातो.

इंदुरातील महाजन कुटुंबांना हे समजावून सांगण्यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. राजेंद्रनगरहून शहरात खरेदीला जाणारे प्रत्येक कुटुंब राजवाड्यासमोरून गेलेले आहे. सात मजल्यांचा तो दर्शनी भाग, खालचे मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, हा मराठेशाहीतील वास्तुकलेचा एक दुर्मीळ नमुना होय. 1801 मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले व जाळले, तेव्हा वाड्याची मोठी हानी झाली. 1818 नंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत वाडा पुन्हा उभा राहिला. 1984 च्या दंगलीत लागलेल्या आगीत मागील बाजूचा मोठा भाग खाक झाला. त्यानंतर त्या मोकळ्या झालेल्या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. तेथे नव्या पद्धतीची इमारत बांधता आली असती, आणि ती अधिक स्वस्त व अधिक लवकर झाली असती. तसे झाले नाही. मल्हारी मार्तंडाचे देवस्थान ज्या मागील भागात आहे तो भाग उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने 2006-07 मध्ये जुन्याच आराखड्यानुसार, वीट, चुना, दगड व लाकूड वापरून पुन्हा उभारण्यात आला. दर्शनी भागाची दुरुस्ती पुढे अलीकडच्या वर्षांत स्मार्ट सिटी योजनेतून झाली, आणि त्याच योजनेत शेजारचे, कृष्णाबाई होळकरांनी 1832 मध्ये बांधविलेले गोपाळ मंदिरही हाती घेण्यात आले.

या प्रकरणाकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहिले तर एक आक्षेप संभवतो. जळून गेलेले पुन्हा हुबेहूब उभे करणे म्हणजे खोटे जुने निर्माण करणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. 1964 मध्ये व्हेनिस येथे जगातील तज्ज्ञांनी जी सनद संमत केली, तिचा आशय असा की जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे आणि नवी भर जुन्यापासून ओळखू यावी. राजवाड्याच्या बाबतीत उत्तर देता येते ते इतकेच की मूळ रूपाचा पुरावा हाताशी होता आणि तेथील देवाची पूजा चालू होती. पूजा चालू असलेली वास्तू आणि ओसाड पडलेला किल्ला यांना एकच माप लावणे योग्य नाही. इंटॅक या संस्थेने 2004 मध्ये भारतासाठी जी स्वतंत्र सनद तयार केली, तिने हा फरक मान्य केला आहे. परंपरागत कारागिरांच्या हातून होणारे पुनर्निर्माण हेही जतनाचेच अंग आहे असे तिने म्हटले. तथापि ही सवलत कारागिराला आहे, कंत्राटदाराला नाही, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

भारतीय परंपरेला हा विषय परका नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे. इंदूरकरांच्या श्रद्धास्थानी असलेल्या अहिल्यादेवींनी सोमनाथ येथे 1783 मध्ये देऊळ बांधले ते भग्न देवळाच्या जागेवर नव्हे, तर त्याच्या नजीक. भग्नावशेष जसे होते तसे राहिले आणि पूजा नव्या देवळात सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर तेथे नवे भव्य मंदिर उभारावयाचे ठरले, तेव्हा अवशेष जपावेत असे मत पुरातत्त्वज्ञांकडून मांडले गेले. सरदार पटेल व कन्हैयालाल मुन्शी यांचा कौल मात्र त्याच जागी पुनर्निर्माण करण्याकडे होता. ऑक्टोबर 1950 मध्ये अवशेष उतरविण्यात आले आणि 11 मे 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत प्राणप्रतिष्ठा झाली. जुन्या देवळाचे कोरीव दगड आज प्रभासपाटणच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. या निर्णयाची थोरवी राष्ट्राच्या इतिहासात नोंदली गेली आहे व ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु सोमनाथाची सबब पुढे करून गावोगावची धडधाकट देवळे पाडणे हा शुद्ध दुरुपयोग होय. सोमनाथचे देऊळ आक्रमणांनी भग्न झालेले होते. गोव्यातील बहुतेक महाजनी देवळे उभी आहेत, आणि त्यांच्यात दिवा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळावे. देवळाच्या प्रस्तावित फेरबदलाची तपासणी कोण करणार? मध्य प्रदेशात 1964 चा, महाराष्ट्रात 1960 चा आणि गोव्यात 1978 चा प्राचीन स्मारकविषयक कायदा आहे. राज्याने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या वास्तूत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून काहीही बदलता येत नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रित आहे, अशी तरतूद 2010 च्या दुरुस्तीने झाली. हे सर्व कायदे उपयुक्त आहेत, पण त्यांची यादी तोकडी आहे. गोव्याच्या राज्यसंरक्षित स्मारकांची संख्या पन्नासच्या आसपास. त्यात किल्ले आले, लेणी आली, चर्च आले. बहुतेक महाजनी देवळे त्या यादीत नाहीत. ज्या देवळाला कायद्याचे छत्र नाही, त्याच्या रूपाची तपासणी करणारी सभा एकच उरते, आणि ती म्हणजे महाजनांची स्वतःची.

हा अधिकार नाममात्र नाही. पोर्तुगीज राजवटीत 1886 मध्ये माझानियांची नियमावली झाली, 1933 मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली आणि गोवा मुक्त झाल्यानंतरही देवस्थानांचा कारभार त्याच चौकटीत चालत आला. महाजनांची नोंदवही, निवडून दिलेली समिती, अर्थसंकल्प आणि प्रशासक म्हणून मामलेदाराची देखरेख अशी ती रचना आहे. हिशेब तपासण्याची व्यवस्था तिच्यात चोख आहे. खर्चाचा एक रुपया कोठे गेला हे विचारणारा महाजन सर्वसाधारण सभेत नेहमी भेटतो. शंभर वर्षांपूर्वीचे लाकडी छत कोठे गेले हे विचारणारा मात्र विरळा.

आणि छते गेली आहेत. कौलारू उतरत्या छपराऐवजी काँक्रीटचा सपाट स्लॅब, जांभ्या दगडाच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, जुन्या फरशीवर संगमरवर, लाकडी खांबांवर चकचकीत तैलरंग, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. यातील प्रत्येक बदल भक्तिभावाने झाला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. परंतु वास्तूला हेतू कळत नाही. तिला ओल कळते. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणपट्टीच्या पावसात तो पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. त्यावरील चुन्याचा गिलावा तितकाच सच्छिद्र असल्याने ही ये-जा निर्वेध चालते. सिमेंटचा थर ती अडवितो. पाणी भिंतीत कोंडते, क्षार पृष्ठाशी साचतात, आणि काही वर्षांनी बाहेरून टणक दिसणाऱ्या लेपाच्या मागे चिरा भुसभुशीत झालेला आढळतो. मग भिंतच नालायक आहे असा निष्कर्ष निघतो आणि ती पाडण्याचा ठराव येतो. रोग औषधाने झाला हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

चुना परवडत नाही, चुन्याचे कारागीर मिळत नाहीत, असे सांगितले जाते. कारागीर कमी झाले हे खरे आहे, आणि त्याचे कारण त्यांना काम देणारे कमी झाले हे आहे. चुना भिजवून मुरवावा लागतो, सुर्खी मिसळावी लागते, ठिकठिकाणच्या रीतीप्रमाणे गूळ, मेथी, उडीद, बेलफळ यांचे पाणी घालावे लागते. यात वेळ जातो. पण देऊळ तीनशे वर्षे टिकावयाचे असेल तर तीन महिने मुरणारा चुना ही मोठी अडचण मानता येत नाही. उलट समुद्राजवळच्या दमट हवेत काँक्रीटमधील लोखंडी सळया गंजतात, फुगतात व स्लॅबचे पापुद्रे पाडतात. एका पिढीने बांधलेला स्लॅब दुसऱ्या पिढीला डागडुजीस काढावा लागतो, हे मुंबईतील कोणत्याही जुन्या सोसायटीचा रहिवासी सांगेल.

फरशीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. जुन्या फरशीवर नवी बसविली की जमिनीची पातळी दोनतीन इंच वर येते. उंबरा बुटका होतो, खांबांच्या कोरीव बैठका अर्ध्या पुरल्या जातात. पुढल्या खेपेस आणखी दोन इंच. बाहेरच्या राजांगणात गुळगुळीत फरशी घातली तर पावसाचे पाणी जमिनीत न जिरता देवळाच्या पायाकडे धावते. बांदिवड्याच्या नागेशीच्या आवारात 1413 सालचा शिलालेख आहे आणि सभामंडपात लाकडावर कोरलेली रामायणातील दृश्ये आहेत. असा लेख एखाद्या देवळात कोणीही न वाचलेल्या दगडावर असेल आणि तो दगड फरशीखाली गेला, तर इतिहासाचे एक पान कायमचे मिटले असे समजावे.

पंढरपूरचे ताजे उदाहरण या संदर्भात साकल्याने पाहण्यासारखे आहे. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचे काम पुरातत्त्व खात्याच्या मार्गदर्शनाखाली हाती घेण्यात आले. त्यासाठी 15 मार्च 2024 पासून पदस्पर्शदर्शन बंद ठेवण्यात आले आणि ते 2 जून रोजी पुन्हा सुरू झाले. या कामाचा मोठा भाग नवे बसविण्याचा नव्हता, काढण्याचा होता. मागील काळात भक्तिपूर्वक चढविलेल्या फरश्या, चांदीची आवरणे आणि रंग उतरविल्यावर आतील काळा पाषाण व त्यावरील कोरीव काम दिसू लागले. मे महिन्याच्या अखेरीस काम चालू असताना एक तळघर लागले व त्यातून जुन्या मूर्ती बाहेर आल्या. ज्या आवरणांसाठी एका पिढीने वर्गणी दिली, ती उतरविण्यासाठी पुढच्या पिढीला निधी उभारावा लागला. वारकऱ्यांनी अडीच महिने पदस्पर्शाविना काढले व मुखदर्शनावर समाधान मानले, ही गोष्ट त्यांच्या समंजसपणाची साक्ष देणारी आहे.

गोव्यात नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाची कथा महाजनांना अधिक जवळची. शिवछत्रपतींनी 1668 मध्ये ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, ते हे देऊळ राज्यसंरक्षित आहे. पुरातत्त्व खात्याने त्याचे जतनकार्य करून फेब्रुवारी 2023 मध्ये ते भाविकांसाठी खुले केले. देऊळ लहानच आहे. ते मोठे करण्याचा मोह तेथेही संभवत होता. पण त्याचे मोठेपण त्याच्या आकारात नाही हे काम करणाऱ्यांनी ओळखले.

यावर महाजनांकडून येणारी तक्रार न्याय्य आहे व तिला बगल देता कामा नये. देऊळ हे संग्रहालय नव्हे. पालखीला गर्दी होते, वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत, अग्रशाळेत स्नानगृहे लागतात, सभामंडपात वीज लागते. या गरजा खऱ्या आहेत, आणि तपासणी म्हणजे नकार असा समज करून घेणे चुकीचे आहे. मुंबईच्या समितीपुढे येणारे प्रस्ताव पुष्कळदा अटींसह मंजूर होतात. चाकांच्या खुर्चीसाठी उतार हवा असेल तर तो जुन्या जोत्यात खोदण्याऐवजी बाजूला सुटा बांधावा, म्हणजे उद्या काढता येईल. स्नानगृहे तळीच्या काठावर न आणता अग्रशाळेच्या मागे न्यावीत. नवा मंडप हवा असेल तर त्याची उंची शिखराच्या व दीपस्तंभाच्या दर्शनाआड येऊ नये. विजेच्या तारा जुन्या लाकडावर उघड्या ठोकू नयेत. जुने लाकूड आगीच्या तोंडी किती लवकर जाते हे इंदूरकरांना शिकविण्याची आवश्यकता नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दुरुस्तीला देणगीदार मिळत नाही, नव्या बांधकामाला मिळतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळली, पन्हळी साफ केल्या, वाळवी लागलेला वासा बदलला, यासाठी कोणाच्या नावाचा फलक लागत नाही. फलक कमानीला लागतो. म्हणून कमानी वाढतात आणि वासे कुजतात. दूरदेशी राहणाऱ्या महाजन कुटुंबांचा हातभार या प्रवृत्तीला मोठा आहे. वर्षातून एकदा जत्रेला येणाऱ्या डोळ्यांना नवी कमान दिसते, चाळलेली कौले दिसत नाहीत. त्याच कुटुंबांच्या हाती उपायही आहे. देणगी देण्यापूर्वी समितीकडे सद्यःस्थितीचा मोजमापासह नकाशा, आतील व बाहेरील छायाचित्रे, प्रस्तावित रूपाचे चित्र, वापरावयाच्या साहित्याची यादी आणि बदलाचे कारण, एवढे कागद लेखी मागावेत. हे कागद सर्वसाधारण सभेच्या किमान महिनाभर आधी देवळाच्या फलकावर लागावेत आणि बाहेरगावच्या महाजनांना टपालाने वा दूरध्वनीवरील चित्रांद्वारे पोचावेत. जतनाचे काम जाणणाऱ्या एका वास्तुविशारदाचा अभिप्राय सोबत असावा. केवळ कंत्राटदाराने सुचविलेला बदल हा अभिप्राय मानू नये. देऊळ किंवा त्याचा परिसर संरक्षित यादीत असेल तर खात्याची परवानगी आधी यावी, ठराव नंतर व्हावा. हा क्रम उलटा झाला की सभेच्या प्रतिष्ठेसाठी परवानगीच्या मागे लागावे लागते.

काम सुरू झाल्यानंतर समितीतील एखाद्या महाजनाने आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष पाहणी करावी व दर टप्प्याचे छायाचित्र ठेवावे. गिलावा फोडताना जुना रंग, चित्र वा अक्षर दिसले तर त्या भागाचे काम तेथल्या तेथे थांबविण्याचा अधिकार त्या महाजनाला सभेने आधीच दिलेला असावा, कारण सभा पुन्हा बोलावेपर्यंत गवंड्याची थापी थांबत नाही. उतरविलेला प्रत्येक खांब, तुळई, कोरीव पट्टी व कौल यांवर क्रमांक घालून ते अग्रशाळेतील कोरड्या खोलीत ठेवावे आणि त्याची नोंद दागदागिन्यांच्या नोंदवहीशेजारी करावी. जुने लाकूड भंगारात विकून आलेली रक्कम जमाखर्चात दाखविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती रक्कम बहुधा एका दिवसाच्या महाप्रसादालाही पुरत नाही.